डफाच्या कडेची माती

खूप मागं, इतकं मागं की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही, एका राजधानीच्या तटाबाहेर एक पेठ होती. तटाच्या आत राजवाडा, हत्ती आणि कारंजी. तटाबाहेर कामाची माणसं. तेली, कासार, कोष्टी, सुतार, कुंभार, अशा सात आळ्या. आतले लोक तिला बाहेरपेठ म्हणायचे, आणि म्हणताना जरासं नाक मुरडायचे. मुरडू देत बापडे. त्यांच्या ताटापासून रांजणापर्यंत सगळं जायचं ते बाहेरपेठेतूनच.

या पेठेत येसबा नावाचा एक दवंडीवाला होता. पेठेचा कारभार चावडीवर चालायचा, आणि चावडीवर जे ठरेल ते सातही आळ्यांत पोचवायचं काम येसबाचं. कुठली विहीर उपसली, कुठला रस्ता बुजवला, उद्या कुठल्या आळीनं झाडलोटीला यायचं, सगळं त्याच्या तोंडून. डफावर तीन थापा पडल्या की चुलीवरचं कालवण सोडून बाया दारात यायच्या. अहो, भांडणारी माणसंसुद्धा थांबायची! "आधी येसबाचं ऐकू, मग तुझ्याकडे बघतो," असं म्हणून एकमेकांची गचांडी धरलेले हात तसेच राहायचे.

एवढा मान त्याला का? तर पेठेत एक रीत होती. एखादं काम झालं अशी दवंडी पिटायची असेल, तर दवंडीवाल्यानं आधी स्वतः तिथं जायचं. काम डोळ्यांनी बघायचं, हातानं चाचपायचं, आणि तिथली चिमूटभर माती ओली करून डफाच्या कडेला लावायची. मग ती कड लोकांना दाखवत दवंडी द्यायची. विहीर उपसली तर विहिरीचा गाळ, रस्ता बुजवला तर रस्त्याचा मुरूम. येसबाच्या बापानं हे केलं, आज्यानं केलं. आणि ज्याची दवंडी खोटी ठरेल त्याचा डफ चावडीसमोर फाडायचा, असाही नियम होता. तो वापरायची वेळ मात्र कुणाच्या आठवणीत कधी आलीच नव्हती.

आता पाण्याचं सांगतो. पेठेला पाणी एका तळ्याचं. ते तळं दरवर्षी चैत्रात कोरडं पडायचं, आणि चैत्री पौर्णिमेला डोंगरातल्या राजाच्या मोठ्या तलावाचं दार उघडायचं. सूर्य उगवताना तिकडून सुटलेलं पाणी पाटानं सात कोस चालत यायचं आणि मावळतीला पेठेच्या तळ्यात उतरायचं. तेच वर्षभर पुरवायचं. त्याआधी पेठेनं घरटी एक माणूस देऊन तळ्याचा बांध नीट करायचा, आणि बांध झाल्याची बातमी राजाकडे पाठवायची. बातमी गेली नाही तर दार उघडत नसे.

त्या वर्षी बांधाला आतल्या बाजूनं, वळणापलीकडे, मोठं भगदाड पडलं होतं. खेकड्यांनी पोखरून पोखरून केलेलं. बांधाच्या खाली, सखल जागेत, कुंभारवाडा. भगदाडाची कुणकुण लागल्यावर कुंभार घाबरले. त्यांनी मडकी, चाकं, पोरंबाळं देवळाच्या टेकडीवर हलवायला सुरुवातही केली. आणि बाकीच्या आळ्या? त्या भांडत होत्या. पहिल्या दिवशी कुणी यायचं यावरून. तेली म्हणत, गेल्या साली आम्हीच आधी आलो. कासार म्हणत, त्याच्या आदल्या साली आम्ही. बांध बिचारा तसाच.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा पेठेच्या कारभाऱ्यांनी येसबाला चावडीवर बोलावलं. भर दुपार. ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. कारभाऱ्यांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं, गूळपाणी दिलं, आणि वर एक नवं कोरं मुंडासं दिलं.

"येसबा, दवंडी द्यायची," ते म्हणाले. "बांध झाला म्हणून."

"झाला?" येसबाला नवल वाटलं. "मग जाऊन येतो बघून."

"एवढ्या उन्हात कुठं जातोस? झालाय म्हणून समज. दवंडीवाचून राजाचा जासूद निघायचा खोळंबलाय. मी काय तुला खोटं सांगेन?"

येसबानं उन्हाकडे पाहिलं, मग मुंडाशाकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी आपल्याला शेजारी बसवलं याचंच त्याला केवढं तरी अप्रूप वाटत होतं. एवढा मोठा माणूस कशाला खोटं बोलेल, असं त्यानं मनाला समजावलं. पण डफाची कड तर कोरडी! कोरडी कड घेऊन आळीत जायचं कसं? मग त्यानं काय करावं? चावडीच्या पायरीशी वाकला, तिथलीच माती ओली केली आणि डफाला लावली. कुणी पाहिलं नाही. लावताना त्याचा हात क्षणभर थबकला होता, एवढं मात्र खरं.

"ऐका हो ऐका! तळ्याचा बांध झाला! पौर्णिमेला पाणी येणार हो!"

आणि काय सांगू, त्या एका वाक्यानं पेठ बदलली. टेकडीवर गेलेले कुंभार हसत हसत खाली उतरले. मडकी परत आली, चाकं परत आली, आजारी म्हाताऱ्यांच्या बाजा परत आल्या. वर्षाची मोठी भट्टी रचायला घेतली. येसबा वाटेवर उभा राहून बघत होता. आपल्या तोंडच्या चार शब्दांवर एवढी माणसं आपलं घरदार उचलून टेकडी उतरतात, हे बघून त्याच्या अंगावर काटा आला. अभिमानही वाटला. आणि कुठंतरी आत खुपलंही, पण ते त्यानं तसंच दाबून टाकलं.

आता कारभाऱ्यांच्या मनात काही पाप नव्हतं बरं का. त्यांचा हिशेब साधा होता. बातमी जाऊ दे, दार उघडू दे, तीन दिवसांत आळ्या भांडून दमतील आणि बांध करतीलच. पण घडलं काय? "बांध झाला" हे तेल्यांनी ऐकलं आणि म्हणाले, कासारांनी केला वाटतं, बरं झालं. कासार म्हणाले, तेल्यांना शेवटी लाज वाटली. सगळ्यांनी उचललेली फावडी परत कोपऱ्यात ठेवली. झालेल्या कामाला कोण जाईल? दवंडी झाली आणि बांध व्हायचा होता तोही राहिला.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. त्या दिवशी दवंडीवाल्यानं कुंभारवाड्यातून नवा घट आणायचा आणि तळ्यात उतरलेलं पहिलं पाणी त्यातून देवळात न्यायचं, असा परिपाठ होता. येसबा नवं मुंडासं बांधून, डफ गळ्यात अडकवून गोजराकाकूच्या दारी गेला. गोजराकाकू म्हणजे कुंभारवाड्यातली सगळ्यांत जुनी जाणती बाई. चाळीस वर्षं तळ्याची माती खणून, भिजवून, तुडवून तिच्या तळहाताच्या रेषा बुजल्या होत्या. अंगणात तिची वर्षाची माती मळून तयार होती. पुरुषभर उंचीचा तो ढीग ओल्या फडक्यांखाली झाकलेला होता.

"ये रे येसबा. बस. ऐटीत दिसतोयस आज," ती म्हणाली आणि घट आणायला वळली. वळता वळता तिची नजर डफाच्या कडेवर गेली. ती थांबली.

"ही बांधाची माती होय रे?"

"हो काकू." येसबाचा आवाज जरा खाली गेला.

काकूनं डफ ओढून घेतला. वाळलेली माती नखानं खरवडली, तळहातावर थेंबभर पाणी घालून अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली. बस्स, एवढंच केलं. मग तिनं येसबाकडे रोखून पाहिलं.

"यात शेण आहे, येसबा. बांध कधी कुणी शेणानं सारवतं का? ही चावडीच्या पायरीची माती आहे. तळ्याची माती काळी असते आणि बोटांना चिकटून बसते, ती लेकराला कळेल. तू गेलाच नव्हतास."

चिमूटभर वाळली माती, आणि ह्या बाईनं त्यातून येसबाची अख्खी दुपार वाचली! ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त भट्टीजवळ खेळणाऱ्या नातवंडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी निघालं असेल रे एव्हाना. जा. आता तरी बघून ये."

येसबा पळत सुटला. मुंडासं वाटेत कुठं पडलं ते त्याला कळलं नाही. बांधावर चढला, वळण ओलांडलं आणि खाली वाकला. भगदाड तसंच होतं. त्यानं हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. पलीकडून कुंभारवाड्याच्या बाजूचा वारा बोटांना लागला. भगदाड आरपार होतं. मावळतीला इथं पाणी टेकलं की बांध फुटणार, कुंभारवाडा वाहून जाणार, आणि उरलेल्या पेठेनं वर्षभर कोरड्या तळ्याकडे बघत बसायचं.

त्यानं तिथली काळी माती उचलली. थुंकीनं ओली केली, कारण पाणी नव्हतंच, आणि डफाच्या कडेला लावली.

वाटेत चावडी लागली. कारभाऱ्यांना त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "एकाही आळीनं केलं नाही? अरे देवा!" मग खाली आवाजात म्हणाले, "गाजावाजा करू नकोस. मी माणसं पाठवतो."

"कुठली माणसं, कारभारी? काम झालं म्हणून सगळी घरी बसलीत. मीच बसवलीत त्यांना."

"दवंडी मागं घेणार तू? नियम ठाऊक आहे ना? तुझ्या आज्याचा डफ आहे तो."

येसबानं डफाला हात लावला. आज्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं ते लाकूड. त्याला रडू आलं, खरंच आलं. डफ गेला तर येसबा कोण? पेठेत त्याला दुसरी ओळख नव्हती. पण आरपार भगदाडातला तो वारा अजून त्याच्या बोटांवर होता. तो चावडीच्या पायरीवर चढला, ज्या पायरीची माती त्यानं लावली होती तिच्यावरच, आणि हात उंच करून तीन थापा मारल्या.

"ऐका हो ऐका! बांध झाला म्हणून मी सांगितलं ते खोटं होतं! मी बघायला गेलो नव्हतो! आता बघून आलोय, ही बघा माती. बांधाला आरपार भगदाड आहे आणि पाणी वाटेवर आहे. लेकरं, म्हातारी माणसं टेकडीवर न्या. ज्याला हात आहेत त्यानं बांधावर या. माझा डफ उद्या फाडा. आज या!"

सातही आळ्यांत तो हेच ओरडत फिरला. तितक्याच मोठ्यानं, जितक्या मोठ्यानं खोटं सांगितलं होतं. शेवटच्या आळीत त्याचा आवाज बसला. लोक दारात येत होते, ऐकत होते आणि काही न बोलता आत जात होते. येसबाला वाटलं, संपलं. आता आपलं कोण ऐकणार? कुठल्या तोंडानं ऐकावं त्यांनी?

त्यानं एका घरातून टोपली मागून घेतली आणि एकटाच बांधाकडे निघाला. भगदाडाशी पोचून पहिली टोपली रिकामी केली. माती आत गेली ती कुठं गेली कळलंसुद्धा नाही.

मग त्यानं मागं वळून पाहिलं.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, मी ही गोष्ट खूप वेळा सांगितली आहे, पण इथं आलो की माझा आवाज अजून कापतो. पेठेच्या सातही वाटांनी माणसं येत होती. लोक आत गेले होते ते फावडी आणायला! तेली येत होते, कासार येत होते, कोष्टी माग सोडून येत होते, नव्या नवऱ्या पदर खोचून टोपल्या घेऊन येत होत्या. धूळ एवढी उडाली की पेठ दिसेना. ह्या पेठेत एवढी माणसं राहतात हे पेठेलाच ठाऊक नव्हतं.

"आम्हाला वाटलं तुम्ही केला," एक तेली धापा टाकत म्हणाला.

"आणि आम्हाला वाटलं तुम्ही!" कासार म्हणाला. दोघंही एकमेकांकडे बघून कसंनुसं हसले आणि एकच टोपली दोन बाजूंनी उचलली.

दगड पडले, मुरूम पडला. पण म्हातारा गवंडी मान हलवत म्हणाला, "हे टिकायचं नाही. मधे चिकण माती हवी, मळलेली. तळ्याची माती आत्ता खणली तर ढेकळं निघतील. ती भिजवून मळायला आठ दिवस जातील."

सूर्य डोक्यावरून कलला होता.

गोजराकाकू पुढं आली. "माझ्या अंगणात मळलेली आहे," ती म्हणाली. "सगळ्या कुंभारवाड्याची मिळून बांधाला पुरेल."

"काकू, ती तुमची वर्षाची माती!" येसबा कळवळून म्हणाला. "मडकी कशाची घडवणार?"

"यंदा बांध घडवू. नुसतं बघत काय उभा राहिलास? चल, ओळ लाव!"

आणि ओळ लागली. कुंभारवाड्यापासून बांधापर्यंत, माणसाला माणूस लागून. ओले गोळे हातातून हातात जाऊ लागले. काय ती ओळ! त्यात कोण कुठल्या आळीचं हे कुणाला सांगता आलं नसतं, कारण कोपरापर्यंत सगळ्यांचे हात काळे. कुंभारणी भगदाडात उतरल्या, मातीचा थर घालायच्या, पायांनी तुडवायच्या, थापटण्यांनी ठोकायच्या. मडक्याला पोट देतात तसंच त्यांनी बांधाला पोट दिलं. मधेच येसबाच्या हातात एक गोळा आला तो कारभाऱ्यांच्या हातून. कारभारी ओळीत उभे होते. डोक्यावरची पागोट्याची ऐट गेली होती. तेच कापड गुंडाळून त्यांनी एका म्हातारीच्या डोक्यावर चुंबळ करून दिली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोळा तेवढा पुढं गेला.

शेवटचा गोळा थापला तेव्हा सूर्य टेकला होता. आणि मग तो आवाज आला. आधी बारीक, मग वाढत वाढत गेला. पाटातून पाणी वळलं आणि तळ्यात उतरलं. हजार माणसं बांधावर उभी होती. पाणी कोरड्या तळभर पसरत आलं, चढत आलं आणि नव्या थराला टेकलं. गोजराकाकू बांधाच्या बाहेरच्या बाजूला उतरली होती. तिनं भगदाड होतं तिथं तळहात दाबून धरला आणि डोळे मिटले. पाणी पलीकडे वीतभर चढलं, हातभर चढलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

तेवढं एक वाक्य. आणि काय तो जल्लोष! येसबानं डफाला हात घातला, आणि मग सावकाश काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच डफ घेऊन चावडीवर गेला. कारभारी उठून उभे राहिले. "आधी चूक माझी," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि कारभाराचा शिक्का पेठेपुढं ठेवला. पेठेनं तो परत दिला, पण एका अटीवर. इथून पुढं काम झाल्याची दवंडी चावडीवरून सुटायची नाही. काम झालं असेल तिथंच कारभाऱ्यांनी आणि दवंडीवाल्यानं दोघांनी उभं राहायचं, आणि तिथूनच ती सुरू करायची.

राहिला डफ. लोक म्हणाले, "सोडा हो, त्यानंच तर वाचवलं."

"आधी त्यानंच बुडवलं होतं," गोजराकाकू म्हणाली. "माझी नातवंडं त्याच्या शब्दावर टेकडी उतरली होती. नियम आहे तो आहे." नियमानं सुरी तिच्याच हातात आली, कारण घात तिच्या आळीचा व्हायचा होता. तिनं डफाचं कातडं मधोमध फाडलं. फाडताना तिचेही डोळे भरून आले होते. येसबानं मान खाली घातली, पण एका शब्दानं कुरकुर केली नाही.

वर्षभर तो डफाशिवाय फिरला. दारोदार जाऊन, हात जोडून, तोंडी सांगायचा. प्रत्येक ठिकाणी आधी बघून यायचा. हळूहळू लोक पुन्हा दारात थांबायला लागले.

पुढच्या चैत्री पौर्णिमेला तो घट आणायला गोजराकाकूकडे गेला. काकूनं घट दिला, आणि मग आतून आणखी एक वस्तू आणली. मातीचं गोल, भाजलेलं भांडं, त्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं कातडं. नवं वाद्य.

"त्या दिवशी बांधाला लावून उरलेली माती होती," ती म्हणाली. "ठेवली होती जपून. घे."

येसबानं थाप मारली. आवाज असा खोल उमटला की भट्टीशी खेळणारी पोरं दचकून थांबली. तो हसला, रडला, आणि म्हणाला, "काकू, आता कडेला माती लावायलाच नको. अख्खं वाद्यच बांधाच्या मातीचं!"

"लावायची!" काकूनं डोळे वटारले. "जा, बांध बघून ये आधी."

आणि येसबा गेला. भर उन्हात, वळणापलीकडेपर्यंत.

तात्पर्य: झालं म्हणून सांगण्याआधी जाऊन बघावं, आणि खोटं सांगितलं गेलं तर तितक्याच मोठ्या आवाजात ते मागं घ्यावं.